दुरून हाकलेली गाडी

बैलगाडी हाकणाऱ्याच्या हातात कासरा असतो, आणि हा कासरा दोन्ही बाजूंनी बोलतो, ही गोष्ट ज्याने कधी गाडी हाकली नाही त्याच्या सहसा ध्यानात येत नाही. गाडीवानाची इच्छा कासऱ्यातून बैलापर्यंत पोचते हे खरे. पण बैलाचा थकवा, त्याचा हट्ट, पुढे चिखल दिसताच त्याने दाखविलेली नाखुशी, हे सारे त्याच कासऱ्यातून परत गाडीवानाच्या तळहातावर येते. मोटार चालविणाऱ्यालाही हे सुख थोडेफार लाभते. रस्ता खडबडीत असला की स्टिअरिंग हातात थरथरते, आणि पावसात चाक घसरू लागले की ते एकाएकी हलके होते. परंतु कोणत्याही दोरीवाचून वा तारेवाचून, केवळ बिनतारी संदेशावर जे वाहन दुरून हाकले जाते, त्याच्या चालकाच्या नशिबी हा संवाद नाही. त्याचा हुकूम जातो. रस्त्याचा स्पर्श काही परत येत नाही. अलीकडच्या महागड्या यंत्रांत बॅटरी किती उरली, मोटर किती तापली, एवढे गाडीकडून कळू शकते. पण चाकाखाली माती आहे की फरशी, हे चालकाला डोळ्यांनीच पाहावे लागते, आणि तेही बहुधा गाडी घसरल्यावर.

हा विचार माझ्या मनात आला तो आमच्या घरातल्या एका खेळण्यामुळे. ‘खेळणे’ हा शब्द माझ्या पुतण्यासमोर उच्चारण्याची सोय नाही, म्हणून मी तो येथे, त्याच्या पाठीमागे, वापरून घेतो. खऱ्या मोटारीच्या एक दशांश मापाची, विजेच्या मोटरवर धावणारी ही गाडी त्याने दोन वर्षे पैसे साठवून घेतली. गाडी हातभर लांबीची. पण तिच्यापेक्षा त्याचा जीव जडला आहे तो तिच्या प्रेषकयंत्रावर, म्हणजे मुले ज्याला सरसकट ‘रिमोट’ म्हणतात त्यावर. पिस्तुलासारखी त्याची मूठ, उजव्या अंगाला मऊ फोमचे एक छोटे चाक आणि तर्जनीखाली एक घोडा. घोडा ओढला की गाडी पुढे पळते, पुढे ढकलला की तिचा ब्रेक लागतो. चाक फिरवावे तशी ती वळते. वरच्या बाजूस एक लहानसा पडदा आहे, आणि त्या पडद्यावरचे आकडे खालीवर करण्यात हा मुलगा गाडी पळविण्यापेक्षा अधिक वेळ घालवितो.

लासलगावात अशा गाडीसाठी मैदान शोधावे लागत नाही. १९४७ साली स्थापन झालेल्या आमच्या बाजार समितीचे आवार लिलावाच्या दिवशी कांद्याच्या ट्रॉल्यांनी असे भरून जाते की माणसाला वाट काढणे कठीण. पण सुटीच्या दिवशी तेच आवार ओस पडते. चार कुत्री, एखादा झोपलेला हमाल, आणि वाऱ्यावर इकडून तिकडे सरकणारे कांद्याचे तांबूस पापुद्रे, एवढेच तेथे असते. अशा अनेक सकाळी मी पुतण्याबरोबर तेथे एका ओट्यावर बसून काढल्या आहेत. मी गाडी चालवीत नाही. मी पाहतो आणि प्रश्न विचारतो. वय झालेल्या माणसाला याहून चांगला खेळ मला ठाऊक नाही.

दुरून हुकूम देऊन वस्तू हलविण्याची ही विद्या वाटते तितकी नवी नाही. १८९५ साली जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये बिनतारी लहरींच्या साह्याने दूर ठेवलेली घंटा वाजवून आणि बंदुकीची दारू पेटवून दाखविली. पुढे तीनच वर्षांनी, १८९८ मध्ये, निकोला टेस्लाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात एक छोटी नाव सोडली आणि तिला हात न लावता वळवून दाखविली. पाहणाऱ्यांपैकी काहींना तो जादूटोणा वाटला. १९०४ च्या सुमारास स्पेनमधील टोरेस केवेदो याने एक तीनचाकी गाडी अशाच रीतीने काही मीटर अंतरावरून चालविली. पुढे ट्रान्झिस्टर आले, यंत्रे खिशात मावू लागली, आणि १९७६ साली जपानच्या तामिया कंपनीने बिनतारी नियंत्रणाची पोर्शे मोटार बाजारात आणली, तेव्हापासून ही विद्या मुलांच्या हाती आली. ज्या शक्तीपुढे एका पिढीने आश्चर्याने तोंडात बोट घातले, ती दोन-तीन पिढ्यांनी खेळण्याच्या दुकानात मांडून ठेवावी, हा तर जगाचा नेहमीचाच क्रम आहे.

या गाडीच्या पोटात काय घडते, तेही पुतण्याने मला समजावून दिले. गाडीत एक ग्राहकयंत्र असते. ते चाके वळविणाऱ्या छोट्या यंत्राला, ज्याला ‘सर्व्हो’ म्हणतात त्याला, दर सेकंदाला सुमारे पन्नास वेळा विजेचा एकेक ठोका पाठविते. ठोका दीड मिलिसेकंदाचा असला की चाके सरळ. एक मिलिसेकंदाकडे आखूड झाला की ती एका अंगाला वळतात, दोन मिलिसेकंदांकडे लांबला की दुसऱ्या अंगाला. डावे, उजवे आणि सरळ हे आपले सगळे बोलणे त्या अर्ध्या-अर्ध्या मिलिसेकंदाच्या आखूड-लांबीत मावते. पूर्वी २७ मेगाहर्ट्झच्या लहरींवर चालणाऱ्या दोन गाड्या एकाच स्फटिकाच्या जोडीवर आल्या की एकाचा हुकूम दुसऱ्याची गाडी ऐके, आणि मुलांची भांडणे होत. आता २.४ गिगाहर्ट्झच्या यंत्रांत प्रत्येक प्रेषकाची आपल्या ग्राहकाशी आधी ओळख करून दिलेली असते. गोठ्यातल्या शंभर हंबरण्यांतून वासराने आपल्या गाईचे हंबरणे ओळखावे, तशी ती गाडी गर्दीतूनही आपल्याच मालकाचे ऐकते.

पण ऐकणे वेगळे आणि नीट वळणे वेगळे. नव्या गाडीचा घोडा ओढला की ती सरळ जाईल अशी आपली भाबडी समजूत असते. प्रत्यक्षात ती कोठल्यातरी एका बाजूला तिरकी पळते. या दोषावर प्रेषकयंत्रात एक उपाय असतो, त्याला ‘ट्रिम’ म्हणतात. एक छोटे बटण दाबीत गेले की गाडीचा मध्यबिंदू केसाकेसाने सरकतो आणि ती सरळ धावू लागते. मला हा उपाय फार सोयीचा वाटला. पण पुतण्या पहिल्या दिवशी त्या बटणाला शिवलाच नाही. त्याने गाडी उलथी केली, सर्व्होची भुजा काढून ती काटकोनात पुन्हा बसविली, दोन्ही चाकांकडे जाणाऱ्या सळया पट्टीने मोजल्या, त्यांतली एक अर्धा फेरा फिरवून लांब केली, आणि मग गाडी जमिनीवर ठेवली. मी विचारले, “एवढी खटपट कशाला? ते बटण आहे ना?”

“काका, ते बटण शेवटच्या रतीभर चुकीसाठी आहे. सळीचा दोष बटणानं झाकला तर गाडी सरळ जाते, पण मग ती डावीकडे जेवढी वळते तेवढी उजवीकडे वळत नाही. दोष जातो कुठं? तो सरळ रस्त्यावरून उचलून वळणावर नेऊन ठेवतो आपण.”

हे वाक्य मी घरी घेऊन आलो. आपल्या घरांतून आणि शाळांतून असे कितीतरी दोष बटणाने झाकले जातात. एखादे मूल अबोल असते, म्हणून त्याला चारचौघांत बोलायला लावून आपण त्याचा अबोलपणा ‘सरळ’ करतो. तो का अबोल आहे याची सळी कोणी मोजीत नाही. सरळ रस्त्यावर, म्हणजे पाहुण्यांसमोर आणि बक्षीससमारंभात, ते मूल ठीक चालते. वळण आले की मात्र एका बाजूला त्याचे चाक अडते, आणि मग आईबापांना नवल वाटते की हा असा कसा निघाला.

ट्रिमनंतर येतात त्या मर्यादा. चाक डावीकडे जास्तीत जास्त किती वळावे आणि उजवीकडे किती, हे प्रेषकयंत्रात निरनिराळे ठरविता येते. मर्यादा फार आवळली तर गाडी वळणाला मोठा फेरा घेते. फार सैल सोडली तर त्याहून वाईट. चाक आपल्या अडथळ्याला टेकलेले असते, पुढे जायला जागा नसते, आणि सर्व्हो बिचारा हुकूम पाळण्यासाठी जोर लावीतच राहतो. त्या वेळी त्यातून एक बारीक गुणगुण ऐकू येते. पुतण्या कान गाडीपाशी नेऊन ती गुणगुण ऐकतो आणि आकडा एकेकाने कमी करीत जातो. गुणगुण थांबली की तोच खरा शेवट. ती तशीच चालू ठेवली तर सर्व्हो तापतो आणि एके दिवशी जळतो. दुकानात मोडका सर्व्हो परत घेऊन येणाऱ्याला वाटते माल हलका निघाला. पुष्कळदा त्याच्याकडून अशक्य ते मागितले गेलेले असते.

मग तो जमिनीवर खडूने एक खूण करी, गाडी मंद वेगाने डावीकडे पूर्ण वर्तुळात फिरवी, तिचा व्यास पावलांनी मोजी, तसेच उजवीकडे करी, आणि दोन्ही वर्तुळे सारखी होईपर्यंत आकडे बदलीत राही. दोन वर्तुळांत वीतभर फरक राहिला तरी त्याला झोप येत नसे. बाजारपेठेतल्या मुलाला मापाचे हे वेड असावे यात नवल नाही. आमच्या गावात २००२ पासून भाभा अणुसंशोधन केंद्राचा ‘कृषक’ नावाचा प्रकल्प उभा आहे. तेथे कांद्याला कोबाल्टच्या किरणांची मोजकी मात्रा देतात, म्हणजे साठवणीत त्याला कोंब फुटत नाहीत. मात्रा उणी झाली तर कोंब येणार, फार झाली तर कांदाच बिघडणार. आंधळ्या उदारपणाने किंवा आंधळ्या काटकसरीने जगात फार थोडी कामे नीट होतात, हे आमच्या गावाला कांद्याने पूर्वीच शिकविले आहे.

परंतु मला सर्वांत आवडली ती तिसरी योजना. चाक थोडे फिरविले तर गाडीने थोडे वळावे आणि पुष्कळ फिरविले तर पुष्कळ, हा सरळ हिशेब आहे. पण वेगाने पळणाऱ्या गाडीला हा सरळ हिशेब सोसत नाही. माणसाचा हात कितीही स्थिर असो, तो किंचित हलतोच, आणि भरधाव वेगात त्या किंचित हलण्याने गाडी साप चालल्यासारखी नागमोडी जाते. म्हणून मध्याजवळचा प्रदेश मुद्दाम मंद करतात. चाक अर्धे फिरविले तरी गाडी अर्ध्याहून कमी वळते. मात्र पूर्ण फिरविले की तीही पूर्ण वळते. अखेरची शक्ती तीच राहते, फक्त सुरुवात सौम्य होते. या योजनेचे इंग्रजी नाव ‘एक्स्पोनेन्शियल’ असे लांबलचक आहे. मुले तिला ‘एक्स्पो’ म्हणतात. गमतीची गोष्ट अशी की काही यंत्रांत हा सौम्यपणा अधिक आकड्याने येतो आणि काहींत उणे आकड्याने, त्यामुळे दुसऱ्याच्या यंत्रातला आकडा आपल्या यंत्रात उतरवून घेतला तर गाडी शांत होण्याऐवजी पिसाळण्याचा संभव असतो. दुसऱ्याच्या घरचा शहाणपणा उचलून आणताना त्याचे चिन्हही तपासून घ्यावे लागते.

याच्या जोडीला आणखी एक साधा उपाय असतो: दोन्ही बाजूंचे एकूण वळणेच काही टक्क्यांनी कमी करणे. आवारात पापुद्रे पसरलेले असले की जमीन निसरडी होते, आणि तेव्हा पुतण्या अंगठ्याने एक कळ फिरवून वळणे शंभरावरून सत्तरावर आणतो. निसरड्या जागी जो मोठा हात मारतो तो गाडी वळवीत नाही, उलटवितो, असे त्याचे म्हणणे.

एका रविवारी माझे थोरले बंधू, म्हणजे मुलाचे वडील, तेथे आले होते. त्यांची कांद्याची आडत आहे. तीस वर्षे त्यांनी याच आवारात लिलाव पाहिले आहेत. मुलाचे हे स्पष्टीकरण त्यांनी मुकाट्याने ऐकून घेतले आणि मग म्हणाले, “दिल्लीच्या रिमोटला हे बटण नाही का रे?” आम्ही हसलो, पण त्यांच्या बोलण्याला आधार होता. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर एकदम ४० टक्के शुल्क बसविले. त्याच वर्षी ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, तरी ४० टक्के शुल्क आणि टनाला ५५० डॉलरचा किमान भाव मागे राहिला. सप्टेंबरात किमान भावाची अट गेली आणि शुल्क निम्म्यावर आले. अखेर १ एप्रिल २०२५ पासून तेही गेले. शहरातल्या गृहिणीच्या टोपलीत कांदा स्वस्त राहावा, हा त्यामागचा हेतू कोणी वाईट म्हणणार नाही. पण ज्याने हुकूम दिला त्याच्या हाताला येथल्या ट्रॉलीचा धक्का लागत नाही. कासरा नसतो तेथे चाक हळू फिरवावे, एवढीच बंधूंची तक्रार होती.

येथवर जे सांगितले ते सारे बटणांनी साधते. एक गोष्ट मात्र कोणत्याही बटणाने साधत नाही. गाडी आपल्यापासून दूर जात असते तोवर तिची उजवी बाजू ती आपली उजवी. पण ती वळून आपल्याकडे येऊ लागली की सारे उलटे होते. तिला आपल्या उजव्या हाताकडे आणायचे तर चाक डावीकडे फिरवावे लागते. शेजारची मुले गाडी हातात घेतात, दूर नेताना मोठ्या ऐटीत नेतात, आणि परत आणताना हटकून भिंतीवर घालतात. त्यांतल्या एकाने विचारले, “दादा, उलटं करायचं बटण असतं ना, ते दाबू का?” तसे बटण असते खरे, पण ते दाबले तर गाडी येताना सुलट होईल आणि जाताना उलट. पुतण्याने त्याला सांगितले, “बटण नको. तू गाडीत जाऊन बस. डोळे इथं ठेव, पण बसायचं तिथं. मग डावं उजवं चुकणार नाही.”

आपल्या जुन्या कथांत परकायाप्रवेशाची विद्या येते. ती साधण्यासाठी योग्यांना मोठी तपश्चर्या करावी लागे असे म्हणतात. येथे दहा-बारा वर्षांची पोरे आठवडाभराच्या सरावाने ती काही अंशी साधतात. दूर जाणाऱ्याचे मन ओळखणे फार अवघड नाही. त्याचे तोंड आणि आपले तोंड एकाच दिशेला असते. जो समोरून आपल्यावर चालून येतो, वाद घालायला, हिशेब विचारायला, किंवा नुसता रागाने पाहायला, त्याची उजवी बाजू कोणती हे क्षणभर त्याच्या जागी बसल्यावाचून कळत नाही. तरुण मुले घरी येतात तेव्हा पुष्कळदा अशीच समोरून येतात.

आमच्या घरातही या वर्षी असेच काही चालले होते. पुतण्या बारावी झाला. बंधूंची इच्छा त्याने आडतीवर बसावे अशी होती; त्याला यंत्रशास्त्र शिकायला पुण्याला जायचे होते. मुंबईच्या आय. आय. टी.च्या टेकफेस्टमध्ये विद्यार्थी आपण बांधलेली यंत्रे घेऊन उतरतात, ते त्याने मोठ्या कौतुकाने वाचलेले होते. घरात मोठे भांडण झाले नाही. पण जेवणे मुकाट्याने होऊ लागली, आणि मराठी घरात मुकाट्याचे जेवण हे भांडणापेक्षा अधिक जड असते. अखेर पुण्याला जाणे ठरले. त्यानंतर वहिनींनी अटींची एक यादी केली. सकाळी उठल्यावर निरोप पाठवायचा. रात्री नऊला फोन करायचा. फोन उचलला नाही तर कोणाला विचारायचे, त्याचे तीन क्रमांक देऊन जायचे. मुलगा सगळ्याला ‘हो’ म्हणत होता, आणि त्याचे ते ‘हो’ ऐकून वहिनींची काळजी वाढत होती.

त्याच सुमारास एका सकाळी त्याने बंधूंना आवारात आपल्या गाडीचे शेवटचे काम दाखविले. त्याने कांद्याचे एक प्लास्टिकचे क्रेट पालथे घातले आणि गाडी त्यावर अशी ठेवली की चारही चाके अधांतरी राहिली. मग घोडा ओढला. चाके सूं सूं करीत फिरू लागली. ती फिरत असतानाच त्याने प्रेषकयंत्राची कळ बंद केली. माझी कल्पना अशी की आता चाके फिरतच राहणार. क्षणार्धात ती थांबली.

“हे कोणी ठरवलं?” बंधूंनी विचारले.

“मीच. आधी ठरवून ठेवावं लागतं, बाबा. रेंज गेल्यावर सांगू म्हटलं तर ऐकायला कोण आहे?”

या योजनेला ‘फेलसेफ’ म्हणतात. संदेश तुटला तर गाडीने काय करावे, हे संदेश चालू असतानाच तिला शिकवून ठेवायचे. त्यात साधारणपणे दोन मार्ग असतात. एक म्हणजे शेवटचा जो हुकूम मिळाला तोच पाळीत राहावे; दुसरा म्हणजे आधी नेमून दिलेल्या सुरक्षित स्थितीत यावे, वेग सोडावा, हवे तर ब्रेकही लावावा. पहिला मार्ग दिसायला अधिक आज्ञाधारक आहे, आणि निमिषमात्र संदेश चुकला तर तो चालूनही जातो. पण संदेश खरोखरच तुटला, आणि शेवटचा हुकूम ‘पळ’ असा असला, तर ती आज्ञाधारक गाडी पळत पळत रस्त्यावर जाते, एखाद्याच्या पायावर आदळते, नाहीतर विहिरीत पडते. पुतण्याची गाडी दुसऱ्या मार्गाची होती. ती थांबते आणि वाट पाहते.

आपण मुलांना वाढवितो ते बहुधा पहिल्या मार्गाने. शेवटचा हुकूम पक्का ठसवायचा, म्हणजे आपण नसलो तरी तो चालू राहील, अशी आपली समजूत. वडील वारून वीस वर्षे झाली तरी त्यांचा शेवटचा शब्द पाळीत, त्याच शेतात तेच पीक त्याच कर्जाने काढणारी माणसे मी आमच्या तालुक्यात पाहिली आहेत. शब्द देताना वडिलांना ठाऊक नसलेले पाणी त्यानंतर पुलाखालून वाहून गेलेले असते. पण हुकूम बदलणारा हात राहिलेला नसतो. त्या माणसांच्या निष्ठेपुढे मी मान लववितो, आणि त्यांच्या बायकामुलांकडे पाहून मला वाईटही वाटते. याउलट काही घरांत असे एखादे माणूस आढळते की ज्याने मुलांना फार थोडे हुकूम दिलेले असतात, पण गोंधळ उडाला, काही सुचेनासे झाले, तर प्रथम थांबावे, हातातले सोडावे, कोणाला इजा होऊ देऊ नये, एवढे मात्र लहानपणापासून त्यांच्या अंगी बाणविलेले असते. अशी मुले कोठेही पाठविली तरी घरचे लोक रात्री झोपू शकतात.

बंधूंनी आवारात यावर काही भाष्य केले नाही. ते फार बोलणारे गृहस्थ नव्हेत. त्यांनी क्रेट सरळ करून भिंतीशी लावले, गाडी उचलून मुलाच्या हातात दिली, आणि आम्ही घरी आलो. त्या रात्री जेवताना वहिनींनी पुन्हा यादी काढली. “नऊला फोन, हे नक्की ना? आणि लागला नाही तर?”

मुलगा उत्तर देणार तोच बंधू म्हणाले, “करील फोन. नाही लागला तर तो काय करील, हे अठरा वर्षं बघतोच आहोत की आपण.”

वहिनी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी ती यादी डब्याखाली सरकविली आणि मुलाला विचारले, “भाकरी वाढू का आणखी?” त्या दिवसाचे जेवण मुकाट्याचे झाले नाही.

मला वाटते, बंधूंनी त्या एका वाक्यात आपली आडतीची आशा, मुलाविषयीचा विश्वास आणि स्वतःची हुरहूर या तिन्ही गोष्टी एकत्र बांधून ठेवल्या होत्या. आडतीवर कोण बसणार, हा प्रश्न सुटला आहे असे नाही. पण जो मुलगा आपले यंत्र ऐकेनासे झाले तर लोकांच्या पायांचे काय होईल याचा विचार आधी करतो, त्याच्या हाती कोणतेही चाक दिले तरी चालेल, एवढे त्या सकाळी बापाला कळले असावे.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशी गाडी असेल त्यांना एक नियम ठाऊक असेलच. खेळायला सुरुवात करताना आधी प्रेषकयंत्र चालू करायचे आणि मग गाडी. खेळ संपविताना आधी गाडी बंद करायची आणि मग प्रेषकयंत्र. क्रम चुकला तर जागी झालेली गाडी मार्गदर्शकावाचून उभी राहते, आणि भोवतालचा कोणताही गोंगाट तिला हुकूम वाटण्याचा धोका असतो. पुतण्याने हा नियम मला सांगितला तेव्हा त्यात मला यंत्रशास्त्राइतकेच घरातले शास्त्रही दिसले. जे लहान आहे ते जागे होण्यापूर्वी मोठ्याने जागे व्हावे, आणि ते निजल्याची खात्री करून मगच आपण डोळे मिटावे. पिढ्यान्‌पिढ्या आया हेच करीत आल्या आहेत. फरक एवढाच की गाडी निजली की खेळ संपतो. मुले मात्र मोठी होतात, आपल्या यंत्राच्या पल्ल्यापलीकडे जातात, आणि आपण अजून जागे आहोत हे त्यांना दरवेळी कळेलच असे नाही. त्या वेळी उपयोगी पडते ते आधी कधीतरी, दोघेही एकमेकांच्या आवाजाच्या टप्प्यात असताना, न बोलता ठरवून ठेवलेले. ते नीट ठरलेले असेल तर रात्री नऊ वाजता फोन वाजला नाही तरी घरात दिवा शांतपणे मालवता येतो.